वीस मिलिमीटरचा इतिहास : चंदीगडचे काँक्रीट, विटांची छते आणि प्लास्टिकचा स्पेसर

प्रबलित काँक्रीटच्या पाठ्यपुस्तकात ‘कव्हर’ या विषयाला तुम्हाला जेमतेम अर्धे पान मिळेल. सळईच्या बाहेरच्या पृष्ठापासून काँक्रीटच्या पृष्ठापर्यंतचे अंतर म्हणजे कव्हर, त्याखाली एक तक्ता, आणि लगेच पुढचे प्रकरण. परीक्षेपुरते ते पुरतेही. पण ते अंतर प्रत्यक्ष स्लॅबमध्ये राहते कसे, ते कोण राखते, याचाही एक इतिहास आहे. तो समजून घ्यायला चंदीगडइतकी चांगली जागा आपल्या देशात दुसरी नाही, असे माझे मत आहे. काही वर्षांपूर्वी सेक्टर २६ मधल्या तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्थेत मी एका अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासाठी गेलो होतो. संध्याकाळी मोकळा वेळ असे आणि मी इमारती बघत हिंडत असे. ही टिपणे तिथेच सुरू झाली.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. १९५० साली प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा वास्तुविशारदाच्या शोधात युरोपला गेले. त्यातून ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे चौघे या कामावर आले. इतिहासाच्या पुस्तकांत पहिले नाव मोठ्या टायपात असते आणि वर्मांचे लहान. आपण अभियंत्यांनी मात्र वर्मांचे नाव विसरू नये. उच्च न्यायालय १९५५ मध्ये उभे राहिले, २५४ मीटर लांबीचे सचिवालय १९५८ मध्ये, विधानसभा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. विधानसभेच्या सभागृहावरचे अतिपरवलयाकार कवच सरासरी केवळ १५ सेंटीमीटर जाड आहे. काँक्रीट डोक्यावरच्या घमेल्यांतून चढले आणि गिलाव्याशिवाय उघडेच ठेवले गेले.

या ‘उघडे’ शब्दावर थांबा. आपल्या नेहमीच्या इमारतीत कव्हर कमी पडले तरी त्यावर गिलावा असतो, रंग असतो; चूक झाकली जाते आणि गंजायलाही थोडा उशीर लागतो. उघड्या काँक्रीटला ती सवलत नाही. त्यात चंदीगडच्या इमारतींची ओळख म्हणजे ब्रीझ-सोलेइ, म्हणजे ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पातळ पट्ट्या. पातळ पट्टीला दोन्ही बाजूंनी हवा आणि पाऊस लागतो, आणि मधल्या जाळीला हलायला जागाच नसते. जाळी एका बाजूला एक सेंटीमीटर सरकली की त्या बाजूचे कव्हर निम्मे होते.

निम्म्या कव्हरचा अर्थ काय, ते आकड्यांत पाहू. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि सामू ९ च्या आसपास आणतो. तो थर मोडतो आणि पाणी मिळाले की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून कव्हर फुटून पडते. कार्बनीकरणाची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या काँक्रीटमध्ये ती १ वर्षात ४ मिमी असेल, तर २० मिमी कव्हर ओलांडायला २५ वर्षे लागतील. १० मिमी कव्हर असेल तर? १२.५ नाही, सव्वासहा वर्षे. कव्हर निम्मे, आयुष्य पाव. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. उरलेली टिपणे याच गणिताभोवती फिरतात.

भारतीय मानक आयएस ४५६ ची पहिली आवृत्ती १९५३ ची, म्हणजे उच्च न्यायालयाचे काम चालू होते त्याच काळातली. १९७८ च्या आवृत्तीतही स्लॅबला १५ मिमी कव्हर चालत असे. २००० च्या आवृत्तीने दृष्टी बदलली. आता पर्यावरण पाहायचे : सौम्य असेल तर २०, मध्यम ३०, तीव्र ४५, अतितीव्र ५०, आणि टोकाच्या स्थितीत ७५ मिमी. (सौम्य स्थितीत १२ मिमीपर्यंतच्या सळईला ५ मिमीची सूट आहे.) मुंबई-रत्नागिरीच्या मुलांना तीव्र का म्हणतात ते सांगावे लागत नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला, त्यामागेही पोलाद गंजणे हेच होते. तो पूर्वताणित पूल होता, त्यामुळे ते प्रकरण वेगळे. पण खाऱ्या हवेची ताकद कळते.

आता राजधानीच्या भव्य इमारती सोडून जरा खाली, साध्या घरांकडे या. उत्तर भारताच्या मैदानात खडी लांबून आणावी लागे आणि सिमेंट दुर्मीळ होते, वीट मात्र गावोगाव भाजली जाई. त्यातून विटांचा प्रबलित स्लॅब रूढ झाला. १९२३ मध्ये ए. ब्रेबनर यांची या बांधणीवरची टिपणे भारत सरकारने प्रसिद्ध केली. जगभरच्या संशोधकांनी पुढे त्यांचा आधार घेतला. पद्धत सोपी : सेंटरिंगवर विटा मांडायच्या, दोन विटांमध्ये साधारण दोन बोटांची फट ठेवायची, फटीत सळई घालायची आणि मॉर्टर भरायचे. काँक्रीट आणि खर्च दोन्ही वाचतात, स्लॅब थोडा हलकाही होतो.

या स्लॅबमध्ये वीट हाच स्पेसर आहे. सळई डावी-उजवीकडे किती सरकेल हे वीट ठरवते. खाली किती झुकेल हे मात्र कोणीच ठरवत नाही. फट अरुंद, वरून दिसत नाही. सळई खाली टेकली तर टेकली. शिवाय मानकाप्रमाणे साधी वीट वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते आणि विटेत क्षार असतील तर ते पाण्याबरोबर सळईपर्यंत जातात. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातल्या जुन्या घरांत छताखाली सळईच्या रेषेत समांतर भेगा आणि लटकलेले पोपडे दिसतात, त्याचे कारण हेच.

हलक्या काँक्रीटच्या मजल्यांना हाच धडा लागू पडतो. फुगवलेल्या मातीची किंवा राखेची खडी वापरून घनमीटरला २,५०० ऐवजी १,८०० किलोच्या आसपास वजन आणता येते. पण खडी सच्छिद्र असल्याने युरोपीय संहिता हलक्या काँक्रीटला नेहमीपेक्षा ५ मिमी जास्त कव्हर मागते. म्हणजे जिथे कव्हर राखणे सर्वात गरजेचे, तिथेच सळईखाली काय ठेवले हा प्रश्न सर्वात मोठा होतो.

आपल्या साइटवर सळईखाली काय ठेवतात? संगमरवराचे तुकडे, फरशीचे तुकडे, खडी, कधी विटेचा तुकडा. वीट सर्वात वाईट, कारण ती पाण्याची वात बनते. मॉर्टरचे कव्हर ब्लॉक चांगले, पण ते नीट पाण्यात मुरवले पाहिजेत. आदल्या संध्याकाळी पाडून सकाळी वापरले तर फिटरच्या पायाखाली फुटतात. प्लास्टिकचा स्पेसर इथे उपयोगी पडतो : माप ठरलेले, सळईला चाप बसवून अडकतो, फुटत नाही. त्याचेही दोष आहेत. प्लास्टिक काँक्रीटला चिकटत नाही आणि उष्णतेने त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, म्हणून भोवती सूक्ष्म फट राहू शकते. यासाठी स्पेसर भरीव नसावा. काँक्रीट आरपार जाईल अशी जाळीदार रचना हवी. उन्हात तापलेल्या शटरिंगवर हलक्या प्रतीचा स्पेसर मऊ पडतो, त्याचे पाय वाकतात. आणि उघड्या काँक्रीटच्या छतात त्याचे पाय खालून ठिपक्यांसारखे दिसतात. चंदीगडसारख्या इमारतीच्या दुरुस्तीत म्हणूनच काँक्रीटशी रंग जुळणारे मॉर्टरचे ब्लॉक मला अधिक योग्य वाटतात.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. शिकवायला येण्याआधी मी दोन वर्षे साइटवर होतो. एका इमारतीचा तिसरा स्लॅब. कव्हर ब्लॉक दुपारीच संपले, काँक्रीटची गाडी दारात उभी. फिटर म्हणाला, ‘साहेब, भरताना सळई उचलून घेतो.’ मी मान डोलावली आणि कार्डावर सही केली. सळई कोणी उचलली नाही; ओल्या काँक्रीटमध्ये उचललेली सळई वर राहत नाही, एवढे मला कळायला हवे होते. बारा वर्षांनी तिथल्या एका झोपण्याच्या खोलीत पहाटे छताचा तुकडा पडला. पलंग त्या आठवड्यात रंगकामासाठी हलवलेला होता. मी बघायला गेलो तेव्हा उघड्या सळ्यांखाली कव्हर म्हणून फक्त गिलावा राहिला होता.

आयएस ४५६ मधली सहनशीलता या दृष्टीने वाचा : कव्हर १० मिमीने जास्त चालते, कमी शून्य मिमी. वरच्या सळ्यांचीही हीच काळजी. १२५ मिमीच्या छज्जात वरची जाळी पायाखाली २५ मिमी दबली, तर परिणामी खोली १०० वरून ७५ वर येते आणि ताकद सुमारे पाव भागाने घटते. खुर्च्या म्हणूनच लागतात.

चंदीगडच्या इमारतींना आता जपणुकीचे दिवस आले आहेत. कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. पंजाब विद्यापीठातले जानरेंचे गांधी भवन पाण्याच्या मधोमध उभे आहे. त्याच्या जतन आराखड्याला २०१५ मध्ये आणि शासकीय संग्रहालयाच्या आराखड्याला २०१७ मध्ये गेटी फाउंडेशनचे साहाय्य मिळाले. अशा आराखड्यात पहिले काम असते कव्हरमीटर फिरवून सळई किती खोल आहे ते मोजणे, आणि गाभ्याच्या ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीन फवारणे. गुलाबी झाले तर अल्कधर्मिता शाबूत, रंग आला नाही तर कार्बनीकरण झालेले. हा प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेत जुन्या घनावर सहज करता येईल.

शेवटी एक हिशेब तुम्हीच करून पाहा. ब्रिटिश मानकाप्रमाणे स्पेसरमधले अंतर सळईच्या व्यासाच्या ५० पटींहून आणि १ मीटरहून जास्त नसावे. ४ बाय ३ मीटरच्या खोलीत ८ मिमी सळई असेल तर अंतर ४०० मिमी, म्हणजे कडा धरून शंभराच्या आसपास स्पेसर. जवळच्या साइटवर स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी जा, परवानगी घ्या, आणि एका खोलीतले मोजून या.