संकेतस्थळ-रचनेची परिभाषा

इंटरनेटवर एका नावाखाली मांडलेल्या आणि परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या पृष्ठांच्या समूहास संकेतस्थळ किंवा वेबसाइट म्हणतात. त्याच्या रचनेत वापरल्या जाणाऱ्या संज्ञा वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाल्या. नाव, जागा, मांडणी व लिपी ही संकेतस्थळाची चार अंगे होत. प्रत्येकाची मालकी व आयुर्मान भिन्न असल्याने नव्या स्थळधारकाने त्यांतील भेद प्रथम जाणून घेणे अगत्याचे असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या उदाहरणांवरून तो विशेष स्पष्ट होतो.

*ऐतिहासिक पार्श्वभूमी* : जाळ्यातील प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असतो. असे पत्ते लक्षात ठेवणे कठीण असल्याने पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये अंकांना नावांशी जोडणारी पद्धती आखली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत 1989 मध्ये दुव्यांनी जोडलेल्या लेखांच्या जाळ्याची कल्पना मांडली व 1991 मध्ये ते जाळे सर्वांस खुले झाले. भारतात 15 ऑगस्ट 1995 पासून विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट सेवा देण्यास प्रारंभ केला.

*क्षेत्रनाम* : संकेतस्थळाच्या पत्त्यातील नावास क्षेत्रनाम किंवा डोमेन म्हणतात. ते उजवीकडून डावीकडे वाचल्यास अर्थ उलगडतो : अखेरचा ‘इन’ हा भाग भारत दर्शवितो, त्याआधीचा भाग संस्थेचा वर्ग आणि त्याही आधीचा भाग विशिष्ट नाव दर्शवितो. चांदा जिल्ह्याचे नाव 1964 च्या सुमारास चंद्रपूर झाले, तथापि जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘चांदा.एनआयसी.इन’ या पत्त्यावर उभे राहिले. अशा रीतीने नकाशावरून गेलेले नाव जाळ्यात टिकले. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याने ‘गडचिरोली.गव्ह.इन’ हा पत्ता घेतला. ‘गव्ह.इन’ हा वर्ग शासकीय संस्थांपुरता राखीव आहे. पत्ता एकदा दुव्यांत, पत्रव्यवहारात व लोकांच्या स्मरणात रुजला की तो बदलणे खर्चाचे ठरते. म्हणून नाव निवडताना दूरदृष्टी लागते.

*यजमानसेवा* : पृष्ठे ज्या संगणकावर ठेवली जातात त्यास सर्व्हर व त्यावरील जागा पुरविण्याच्या सेवेस यजमानसेवा किंवा होस्टिंग म्हणतात. क्षेत्रनाम आणि यजमानसेवा या स्वतंत्र गोष्टी होत. जमीनदारी, पट्टा व निस्तार हक्क यांचा इतिहास असलेल्या या प्रदेशातील वाचकास हा भेद सहज उमगेल. क्षेत्रनाम कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते, मुदतीअखेर नूतनीकरण न झाल्यास ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. होस्टिंग हे भाडे होय. मजकूर व छायाचित्रे मात्र त्यांच्या कर्त्याची असतात. स्थळ बांधणाऱ्याने क्षेत्रनाम स्वतःच्या नावे नोंदविले, तर ग्रामसभा, बचतगट अथवा लहान व्यावसायिक यांच्या हाती मजकूर राहतो, पण पत्ता राहत नाही. यास्तव नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे आरंभीच पाहावे लागते.

*मांडणी* : पृष्ठातील मथळा, परिच्छेद, दुवा इत्यादी घटक एचटीएमएल या खूणभाषेने दर्शविले जातात. त्यांचे रंग, आकार व स्थान ठरविणारी सीएसएस ही शैलीभाषा 1996 मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. आशय व रूप यांची अशी फारकत झाल्याने मजकुरास हात न लावता पृष्ठाचे रूप पालटणे शक्य झाले. पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप बदलणाऱ्या मांडणीस अनुकूली मांडणी म्हणता येईल. ईथन मार्कोट यांनी 2010 मध्ये ही संकल्पना मांडली. पृष्ठासोबत उतरवून घ्याव्या लागणाऱ्या माहितीच्या एकूण आकारमानास पृष्ठभार म्हणतात. भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत दूरसंचाराचे जाळे दीर्घकाळ विरळ राहिले. तेथील वाचकाच्या दृष्टीने मोठ्या छायाचित्रांनी जड झालेले पृष्ठ न उघडणाऱ्या दारासारखेच ठरते.

*लिपी व टंक* : प्रारंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर विशिष्ट टंक, म्हणजेच फाँट, वापरलेला असे. वाचकाच्या संगणकावर तो नसल्यास देवनागरीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसत. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षरचिन्हास स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत 1991 पासून देवनागरी आहे. तिचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर होत गेली व मराठी मजकूर शोधणेही शक्य झाले. 2014 मध्ये ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय उपलब्ध झाल्याने पत्ताही मराठीत लिहिता येऊ लागला. गोंडीच्या दोन लिपींना युनिकोडमध्ये स्थान मिळाले : मसराम गोंडीस 2017 मध्ये, तर तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपीस 2018 मध्ये. तथापि संकेतक्रमांक मिळाला म्हणजे अक्षर पडद्यावर दिसेलच असे नाही. त्यासाठी उपकरणात तदनुरूप टंकही असावा लागतो.

*मराठी पर्याय* : मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हे जाळे अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे त्यातील संज्ञांचे मराठी पर्याय पुढे व्यवहारातून घडले. संकेतस्थळ, दुवा, मुखपृष्ठ हे शब्द रुळले. ब्राउझरसाठी सुचविलेला न्याहाळक हा शब्द मर्यादित राहिला. डोमेन, सर्व्हर, होस्टिंग हे शब्द बहुधा मूळ रूपातच वापरले जातात. शब्द कोणताही स्वीकारला, तरी तो नेमक्या कोणत्या अंगाचा वाचक आहे हे ज्ञात असले, तरच करारपत्र वाचताना व देयक भरताना स्थळधारकास आपल्या हक्कांचे रक्षण करता येते.