मज्जारोपणानंतरचे शंभर दिवस

अमरावतीहून किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीनें रक्ताच्या कर्करोगाचा रोगी मुंबईस नेणाऱ्या कुटुंबाचें सारें चित्त रोपणाच्या दिवसाकडे लागलेलें असतें. मज्जारोपणाचा इतिहास मात्र असें सांगतो कीं, खरा झगडा त्या दिवसानंतर सुरू होतो.

१९५७ सालीं अमेरिकेंत डॉ. डॉनल टॉमस यांनीं रुग्णांच्या शिरेंत दुसऱ्यांची मज्जा सोडल्याचें प्रसिद्ध केलें. पण ते रुग्ण फार काळ जगले नाहींत. याचें कारण दुहेरी होतें. रोपणापूर्वीं जालीम औषधांनीं वा किरणांनीं रोग्याची मज्जा नष्ट करावी लागते. त्यामुळें कांहीं आठवडे देहास पहारेकरीच उरत नाहीं, व क्षुल्लक जंतुही प्राणघातक ठरतो. पुढें नवी मज्जा रुजली, तरी तिच्यांतील पांढऱ्या पेशी यजमानाचा देह परका मानून त्वचा, यकृत व आंतडीं यांवर तुटून पडतात. पाहुण्यानेंच घरधन्यावर उलटावें, तशी ही गत!

या दोन संकटांवरील उपाय हाच या विद्येचा खरा इतिहास होय. भावंडांच्या पेशींची जुळणी पाहतां येऊं लागली. एल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलेलें मेथोट्रेक्सेट पाहुण्यास आवरूं लागलें. १९८६ सालीं त्यास सायक्लोस्पोरिनची जोड अधिक गुणकारी ठरली. अलीकडे रोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देण्याच्या रीतीस २०२३ च्या मोठ्या चांचणीनें बळ दिलें.

आपल्या देशांतील पहिलें यशस्वी रोपण २० मार्च १९८३ रोजीं मुंबईच्या टाटा रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं केलें. नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची मज्जा दिली. याच रुग्णालयाच्या परगांवच्या रोग्यांना दादरच्या धर्मशाळेंत आसरा मिळतो. तिला नांव आहे गाडगे महाराजांचें! शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले, मूर्तिजापुराजवळील दापुऱ्यास वाढलेले हे आमच्या वऱ्हाडचे संत हातीं खराटा घेऊन गांवोगांव झाडीत हिंडले.

ही केवळ योगायोगाची गोष्ट म्हणून आम्ही सोडून देत नाहीं. पहिले शंभरेक दिवस रोग्यानें रुग्णालयाजवळ राहावें, असा दंडक आहे. तेथें हात धुणें, पाणी उकळून पिणें, ताजें शिजविलेलेंच खाणें, औषधाची वेळ न चुकविणें व ताप येतांच, सकाळची वाट न पाहतां, वैद्य गांठणें हीं व्रतें पाळावीं लागतात. बाळपणच्या लसीही पुढें नव्यानें टोंचून घ्याव्या लागतात. ज्यास स्वच्छ खोली व जवळचें बिऱ्हाड परवडत नाहीं, त्यास उत्तम मज्जाही तारीलच असें नाहीं. म्हणून धर्मशाळा हें दानाचें नव्हे, उपचाराचेंच अंग आहे, असें आमचें मत आहे.