दोन अक्षरांचे वतन

पेशवाईतल्या गावांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. ज्याची जमीन वडिलोपार्जित हक्काची, तो मिरासदार. जो बाहेरून येऊन मुदतीच्या कौलाने जमीन कसतो, तो उपरी. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या भेदाची चांगली दखल घेतली आहे. मिरासदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहजासहजी बुडत नसे. वर्षानुवर्षांनी परतून तो आपली जमीन मागू शके. उपऱ्याची पाठराखण मात्र कौलाच्या मुदतीपुरतीच. हा जुना भेद आम्ही आज उकरून काढतो, तो एका अगदी नव्या वतनाकरिता. इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटी देशाची म्हणून जी दोन अक्षरे येतात, भारताची ‘इन’, ब्रिटनची ‘यूके’, ते हे वतन.

या अक्षरांची वाटणी १९८५ पासून सुरू झाली. ती ज्यांच्या हातून झाली ते जॉन पोस्टेल हे कॅलिफोर्नियातील संगणकशास्त्रज्ञ मोठे व्यवहारी गृहस्थ होते. अमुक भूभाग हा देश आहे की नाही, या भांडणात त्यांनी स्वतःला गुंतवलेच नाही. देशांच्या संक्षिप्त अक्षरांची एक आंतरराष्ट्रीय यादी तयारच होती, ती त्यांनी उचलली. मार्च १९९४ च्या टिपणात त्यांनी लिहून ठेवले, की ही अक्षरे सांभाळणारा मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्या देशाचा, आणि जगभरच्या इंटरनेट-समाजाचाही. एका चाकराला दोन धनी नेमल्यासारखेच हे झाले. नाव कोणाला द्यावे, परक्याला द्यावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावयाचे होते. आणि कोण कोणत्या धन्याकडे झुकला, यावरून पुढचा सारा इतिहास घडला.

कॅनडाने दार जपून उघडले. एका संस्थेला एकच नाव, आणि जिचा कारभार एकाच प्रांतात, तिने पत्त्यात प्रांताची अक्षरे घ्यावी, असा तेथे प्रारंभी दंडक होता. डिसेंबर २००० मध्ये नवी व्यवस्था आली, तरी ‘कॅनडाशी नाते’ दाखविण्याची अट राहिलीच. पात्र लोकांच्या यादीत नागरिक, कायमचे रहिवासी, तेथील कंपन्या आणि मूळ रहिवासी यांच्यासमवेत खुद्द राणीसाहेबांचाही स्पष्ट उल्लेख होता! उलट पॅसिफिकमधील चिमुकल्या तुवालूला ‘टीव्ही’ ही अक्षरे मिळाली. त्याने गायरानाचा मक्ता द्यावा तशी ती परदेशी कंपनीला दिली, आणि त्या पैशाच्या आधाराने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळविली. परक्यांना मुक्तद्वार देऊन एका राष्ट्राने राष्ट्रसभेचे दार गाठावे, हेही एक नवलच.

आपल्या ‘इन’ची नोंद १९८९ ची. ही अक्षरे पुष्कळ वर्षे मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम कडक होते. परिणाम काय झाला? १९९२ ते २००४ या काळात एवढ्या मोठ्या देशात अवघी ७,००० नावे नोंदली गेली. कडीकोयंडा इतका भक्कम, की घरचीच माणसे ‘डॉट कॉम’च्या बिऱ्हाडी राहावयास गेली, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. २००५ च्या प्रारंभी नवे धोरण आले, देशी-परदेशी सर्वांना दार मोकळे झाले, आणि मार्च २०१० पर्यंत नावे सहा लाखांवर गेली. त्यांतली सुमारे ४० टक्के नावे परदेशांतून नोंदलेली होती. यात देशाचे काही लुटले गेले, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु बंद दाराची खरी परीक्षा युरोपात झाली. ‘ईयू’ ही अक्षरे एका देशाची नव्हेत, संघाची. २००६ साली ती सर्वसामान्यांना खुली झाली, पण संघात राहणाऱ्यांनाच. ब्रिटिश दुकानदार, लेखनिक, छोटे कारखानदार यांनी नावे घेतली, त्यांवर पत्रव्यवहार बसविला, पाट्या रंगविल्या. आपण मिरासदार आहोत अशीच त्यांची समजूत. मग ब्रिटन संघातून निघाले. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ८०,००० नावे स्थगित झाली. संकेतस्थळे दिसेनाशी झाली, टपाल पोहोचेना. मध्यंतरी, ऑक्टोबर २०१९ पासून, संघाच्या नागरिकाने कोठेही राहावे, त्याला नाव ठेवता येईल, असा बदल झाला होता. म्हणजे लंडनच्या एकाच गल्लीत आयरिश पारपत्र बाळगणाऱ्याचे नाव टिकले, आणि शेजाऱ्याचे गेले. शेजाऱ्याने नोंदणीचे पैसे वेळेवर भरलेले होते. हरकत त्याच्या नागरिकत्वाची होती.

मौज अशी, की संघ सोडा म्हणून मोहीम चालविणाऱ्या एका संघटनेचे स्वतःचे नावच ‘लीव्ह डॉट ईयू’ होते. ते वाचविण्यासाठी तिची नोंद आयर्लंडमधील वॉटरफर्डच्या पत्त्यावर गेलेली जानेवारी २०२१ मध्ये दिसून आली, आणि त्यावरून बराच गवगवा झाला. ज्यांना असा पत्ता मिळाला नाही, त्यांची नावे वर्षभर तशीच अडकून राहिली. जानेवारी २०२२ मध्ये ती रद्द झाली आणि संघातल्या जो पहिला मागेल त्याला मिळू लागली.