छापखान्यांतील शिसे व कामगारसुरक्षा

खिळ्यांच्या मुद्रणात शिशाची धूळ व धूर शरीरात जाऊ नयेत म्हणून योजलेले उपाय. मुद्रणाचे खिळे शिसे, अँटिमनी व कथिल यांच्या मिश्रधातूचे असत. महाराष्ट्रात मुंबई हे मुद्रणाचे व खिळे ओतण्याचे प्रमुख केंद्र होते. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना (१८६९) देवनागरी खिळ्यांसाठी विशेष प्रसिद्ध होता.

शिसे ३२७° से. ला वितळते. ओतकाम करणाऱ्यास धूर व वितळपात्रावरील मळी यांपासून धोका असे, तर जुळाऱ्यास खिळ्यांच्या धुळीपासून. न धुतलेल्या हातांनी खाणे, विडी ओढणे किंवा खिळ्यांची पेटी फुंकून साफ करणे, यांमुळे शिसे थोडेथोडे शरीरात जाई व हाडांत साठे. पोटशूळ, पांडुरोग व मनगट लुळे पडणे ही त्याच्या विषबाधेची लक्षणे होत.

भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने शिशाच्या विषबाधेस व्यावसायिक रोग मानले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अशा रुग्णाची सूचना सरकारला देणे व्यवस्थापकावर व डॉक्टरवर बंधनकारक केले. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत (१९६३) छापखाने व खिळ्यांचे ओतकारखाने यांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. धूर खेचून घेणारी योजना, मळीसाठी झाकणाचे पात्र, हात धुण्याची सोय, भोजनाची वेगळी जागा, कामाच्या खोलीत खाण्यापिण्यास मनाई व वैद्यकीय तपासणी ही त्यांतील प्रमुख कलमे होत. किमान ५% शिसे असलेला पदार्थच त्यांत शिसेयुक्त मानला होता.

तथापि सर्वसाधारणपणे यंत्रशक्ती असल्यास १० व नसल्यास २० कामगारांच्या कारखान्यांनाच हा कायदा लागू होता. त्यामुळे तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका व हस्तपत्रके छापणारे, दोनचार माणसांचे छापखाने बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहिले. तेथे साबण, पाणी व ओल्या फडक्याने पुसण्याची सवय एवढेच संरक्षण होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिरूप (ऑफसेट) मुद्रणामुळे खिळे मागे पडले. अल्प शिसे म्हणजे निर्धोक शिसे, ही समजूतही टिकली नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांसाठी २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग, म्हणजे ०.००९%, ही कमाल मर्यादा घातली. छापखान्यांच्या नियमांतील ५% शी तुलना करता, धोक्याविषयीची समज किती बदलली हे यावरून दिसते.