‘याचा सांभाळ कोण करणार?’ : व्हिसाच्या खिडकीतील तीन प्रश्नांचा इतिहास

१/ महाराष्ट्रातील अनेक घरांत आज एक चित्र दिसते. मुलगी अमेरिकेत स्थायिक. वृद्ध आईवडील इकडे. आणि सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून असलेला दिव्यांग मुलगा त्यांच्याजवळ. लेकीकडे जायचे तर त्याला मागे ठेवता येत नाही. मग तिघांचे अर्ज भरले जातात आणि मनात तीन प्रश्नांची धास्ती घर करते : खर्च कोण करणार? सांभाळ कोण करणार? आणि हा परत जाईल कशावरून? हे तीन प्रश्न एकाच वेळी जन्मलेले नाहीत. प्रत्येकाचा काळ वेगळा आहे.

२/ पहिला प्रश्न खर्चाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या बंदरांत कोणाला उतरू द्यायचे, हे बव्हंशी किनाऱ्यावरील राज्ये ठरवीत. निराधाराला पोसणे हे स्थानिक वस्तीचे कर्तव्य, हा इंग्लंडच्या दारिद्र्यविषयक कायद्यांचा वारसा तेथे रुजला होता. साहजिकच परका निराधार म्हणजे गावाच्या तिजोरीवरचा भार, असे समीकरण तयार झाले.

३/ मॅसॅच्युसेट्स राज्याने १८३७ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले. वेडसर, मतिमंद, पंगू, वृद्ध किंवा दुर्बळ प्रवासी स्वतःचे पोट भरण्यास असमर्थ वाटला, तर त्याला उतरवण्यापूर्वी १,००० डॉलरचा जामीन द्यावा लागे. हा माणूस दहा वर्षे सार्वजनिक खर्चावर पडणार नाही, अशी ती हमी होती. (हे शब्द त्या काळच्या कायद्याचे आहेत; त्यांतला कठोरपणा हाही इतिहासाचाच भाग.)

४/ प्रवाशांवर कर वा जामीन लादणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १८४९ आणि १८७६ मधील निकालांत घटनाबाह्य ठरवले. राज्यांचा हात आखडला, पण भीती संपली नाही. ती वॉशिंग्टनला पोहोचली. ३ ऑगस्ट १८८२ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्याबरोबरच ‘सार्वजनिक भार न होता स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या’ व्यक्तीलाही प्रवेश नाकारला. सोबत प्रत्येक प्रवाशामागे ५० सेंटचा करही लावला.

५/ हा कायदा जेमतेम दहा महिन्यांचा असताना, जून १८८३ मध्ये, १८ वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना कोणत्याही वकिलातीत मुलाखत द्यावी लागली नव्हती. आज ज्याला आपण व्हिसा म्हणतो, तो अडथळा तेव्हा प्रवासाच्या वाटेवर नव्हता. गाळणी होती ती बंदरावर.

६/ १८९१ च्या कायद्याने निकष आणखी सैल शब्दांत मांडला : ‘सार्वजनिक भार होण्याची शक्यता असलेला’. म्हणजे आजची स्थिती नव्हे, उद्याचा अंदाज. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावरील केंद्र सुरू झाले. तेथे डॉक्टर रांगेतून सरकणाऱ्या माणसांकडे काही क्षण पाहत आणि शंका आली की कपड्यावर खडूने अक्षर काढीत. लंगडणाऱ्यासाठी ‘एल’, हृदयविकारासाठी ‘एच’, मानसिक दुर्बलतेच्या संशयासाठी ‘एक्स’. बहुसंख्य प्रवासी पुढे गेले. परत पाठवले गेलेले सुमारे दोन टक्के होते. पण ज्याच्या कोटावर खडू उमटला, त्याला या टक्केवारीचा दिलासा कसला?

७/ दुसरा प्रश्न सांभाळाचा. त्याचे उत्तर १९०७ च्या कायद्याने अत्यंत निष्ठुर रीतीने दिले. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे कमावण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकत असेल, तर तेवढ्यावरून प्रवेश नाकारता येऊ लागला. त्याहून विलक्षण तरतूद पुढे होती. आजार, अपंगत्व वा बालवय यांमुळे असहाय असलेल्या व्यक्तीला परत पाठवताना तिला कोणाच्या सोबतीची गरज असेल, तर त्या सोबत्यालाही परत पाठवावे! आईचा जो हात मुलाचा आधार, तोच हात धरून आईलाही जहाजावर चढावे लागे.

८/ याच कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवलेली होती. सार्वजनिक भार होण्याची शक्यता किंवा संसर्गजन्य नसलेले शारीरिक अपंगत्व एवढेच कारण असेल, तर योग्य जामीन घेऊन प्रवेश देण्याचा अधिकार केंद्रीय सचिवाला होता. १८३७ चा जामीन असा पुन्हा अवतरला. आज नातेवाईक फाइलमध्ये बँकेची विवरणपत्रे जोडतात, ती याच परंपरेची वंशज.

९/ ‘सार्वजनिक भार’ हे कलम फक्त दिव्यांगांपुरते राहिले नाही. पॅसिफिक किनाऱ्यावर धडधाकट हिंदी मजुरांना अडवण्यासाठीही ते वापरले गेले. १९१५ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी स्पष्ट केले की, एखाद्या शहरात कामाची टंचाई आहे म्हणून कोणाला ‘भार’ ठरवता येणार नाही. विचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या स्थितीचाच व्हावा. पण १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील स्थलांतरितांना दारच बंद केले. भारतीयांना स्थलांतराचा वार्षिक कोटा मिळाला तो १९४६ मध्ये : अवघा १०० जणांचा.

१०/ तिसरा प्रश्न परतण्याचा. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांसाठी व्हिसा अनिवार्य केला आणि गाळणी बंदरावरून परदेशातील वकिलातीत आली. तात्पुरता पाहुणा आणि स्थलांतरित असे वर्गही त्याने वेगळे केले. १९५२ च्या कायद्यातील २१४ (बी) या कलमाने त्यात एक गृहीतक घातले : अर्जदार उलट सिद्ध करत नाही, तोवर तो स्थलांतरितच समजावा. भारतीय अर्जदारांना हे कलम आजही पाठ असते.

११/ यथावकाश अपंगत्वावर बोट ठेवणारे शब्द गळत गेले. अपस्मार १९६५ मध्ये वगळला गेला. १९९० मध्ये बौद्धिक अपंगत्व हे प्रवेश नाकारण्याचे स्वतंत्र कारण उरले नाही. आता पाहिला जातो तो विकाराशी निगडित धोका. त्याच वर्षी अमेरिकेने दिव्यांग नागरिकांच्या हक्कांचा कायदाही केला. मात्र ‘सार्वजनिक भार’ हा निकष आणि १९५२ चे गृहीतक कायम राहिले.

१२/ आता पुन्हा त्या घराकडे पाहू. परतण्याचा पुरावा म्हणून नोकरी, व्यवसाय, मालमत्ता, मागे राहिलेले कुटुंब यांकडे बोट दाखवता येते. दिव्यांग मुलाची नोकरी नाही, घर वडिलांच्या नावे, आणि कुटुंब तर त्याच्यासोबतच निघालेले! सांभाळ होईल हे पटवण्यासाठी बहिणीची माया पुढे करावी, तर तीच माया तिकडे राहण्याचे कारण वाटू शकते. २१४ (बी) खाली नकार आला तर अपील नाही. पुन्हा अर्ज करणे एवढाच मार्ग.

१३/ म्हणूनच अशा कुटुंबाला कायद्याचा इतिहास ठाऊक असणे उपयोगी ठरते. मुलाची इथली दिनचर्या, इथले उपचार, त्याची शाळा वा कार्यशाळा, आईवडिलांचे निवृत्तिवेतन, प्रवासाचा विमा : यांतला प्रत्येक कागद तीन जुन्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर असतो. कपड्यावरचा खडू कधीच पुसला गेला. पण माणसाची किंमत त्याच्या कमाईवरून ठरवणारी नजर पुसायला कायद्यातला शब्द बदलणे पुरेसे नसते.