मुंबईची सभा, सोलापूरचं वसतिगृह

२० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ला, तिचं वसतिगृह उघडलं ते सोलापुरात! हायस्कूलच्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा, कपड्यांचा, वह्यांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये दिले. मुलांनी 'सरस्वती विलास' मासिक चालवलं. मुंबईत सभेने मोफत वाचनालय आणि तरुणांसाठी हॉकी क्लब काढला.

आणि आज आपण? प्रत्येक शहराची जयंती समिती वेगळी, वर्गणी वेगळी. परभणीचं पोरगं पुण्यात खोली शोधत फिरतं, तेव्हा कुठली समिती त्याची जबाबदारी घेते? दोन शहरांच्या कार्यकर्त्यांनी मिळून एक वसतिगृह चालवलं, तरच आपण 'संघटित व्हा'चा अर्थ समजलो.

जय भीम!