काबूलवाल्यांचं देऊळ

साल १८६५, जून सरत आलाय. पाबळहून पुण्यापर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. बोरघाटातून रूळ जोडून दोनच वर्षं झालीत. बोगद्यात तुम्ही डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलंत. बोरीबंदरहून कुलाब्याला पायीच निघालात. वाटेत कापसाच्या गासड्या पडून आहेत. अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला, शेठलोकांची तोंडं उतरलीत. तुम्हाला त्याचं काय! तुम्ही चुलत्याच्या शोधात आलाय.

चुलता १८३९ साली पलटणीबरोबर सिंधमार्गे बोलन खिंडीत शिरला, तो परतलाच नाही. अफगाण मोहिमेत मेलेल्यांसाठी साहेबानं देऊळ बांधलंय, असं कुणीतरी गावात सांगितलं. कागदोपत्री त्याचं नाव सेंट जॉन. पुढे सगळी मुंबई त्याला अफगाण चर्च म्हणेल.

सुळका लांबूनच दिसतो. १९८ फूट उंच, याच महिन्यात पुरा झालेला. बंदरात शिरणारी जहाजं त्याच्यावर नजर ठेवून येतात. तुम्ही सवयीनं वहाणा बाहेर काढता. आत गारवा, वर निमुळत्या होत गेलेल्या गॉथिक कमानी, रंगीत काचांतून पाझरणारा निळा-तांबडा उजेड. देखणं आहे, नाही कशाला म्हणा!

भिंतीवर नावं कोरलीत. तुम्हाला इंग्रजी येत नाही, म्हणून एका कारकुनाला गाठता. तो बोट फिरवत वाचतो आणि थांबतो. नावं सगळी अंमलदारांची. शिपायांविषयी एवढंच लिहिलंय, की ते फार होते, सगळ्यांची नावं कोरणं शक्य नव्हतं. गोऱ्या शिपायांनाही तोच न्याय, एवढं एक बरं.

आपल्याकडच्या वीरगळावरही नाव क्वचितच असतं. पण तिथे ढाल-तलवार घेतलेला माणूस तरी कोरलेला असतो, आणि तो कोणत्या घरचा हे गाव सांगतं. पाबळात मस्तानीची कबर दाखवायला पाटी लागत नाही, शेंबडं पोरही नेऊन दाखवतं. इथे पाटी आहे, आणि चुलत्याला ओळखणारे या अख्ख्या देवळात तुम्ही एकटे.

पंधरा वर्षांनी, १८८० मध्ये, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या मैदानात बॉम्बे ग्रेनेडियर्सचे शिपाई पुन्हा कापले जातील. ते तुम्हाला आज कुठून ठाऊक असणार! बरोबर आणलेला आठ वर्षांचा धाकटा मुलगा मात्र बाहेर छावणीतल्या बाज्याच्या तालावर पाय आपटत चालायला शिकलाय.